चहाचं पातेलं खिळ्यावर

आई गेल्यानंतर बाबांनी स्वयंपाकघरातल्या कपाटांची दारं काढून टाकली. दुःख करण्याची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असते, ही बाबांची असेल, असं मला सुरुवातीला वाटलं. तसं काही नव्हतं. त्यांना जिरं सापडत नव्हतं.

आईचं स्वयंपाकघर बंद दारांचं होतं. बेंगळुरूत, राजाजीनगरातल्या आमच्या घरात, पहिल्या मजल्यावर, ओट्याच्या वर आणि खाली तपकिरी सनमायक्याची कपाटं होती आणि कपाटांच्या आत आईची पद्धत होती. ती तिने कुणाला सांगितली नाही, कारण कुणी विचारली नाही. ‘साखर’ लिहिलेल्या डब्यात तुरीची डाळ असे. ‘शेव’ लिहिलेल्या डब्यात सुक्या मिरच्या. मग साखर कुठे असायची, हे तिच्या माघारी बरेच दिवस समजलंच नाही. तोवर बाबा बिनसाखरेचा चहा प्यायले आणि भेटायला येणाऱ्यांना डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून सांगत राहिले.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. कोरमंगलाच्या पलीकडे एका उंच इमारतीत, बाराव्या मजल्यावर एकटी राहते. सॉफ्टवेअर तपासणं, म्हणजे दुसऱ्यांनी मन लावून केलेल्या कामात खोट काढणं, हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. स्वभावही त्याला साजेसाच आहे, असं माझ्या माघारी बोलतात आणि आई तोंडावर बोलायची. तेरावं झाल्यावर मी बाबांना म्हटलं, आता माझ्याकडे चला, एक खोली रिकामीच आहे.

"तुझ्याकडे जिरं कुठे असतं?" बाबांनी विचारलं.

"दाखवीन की."

"इथलंच सापडेल हळूहळू," बाबा म्हणाले आणि विषय संपला.

माझा विषय जिऱ्याचा नव्हताच. बाबांचं वय झालेलं. रक्तदाबाची गोळी आठवण केल्याशिवाय घेत नाहीत. घरात एकटे असताना चक्कर आली, पडले, तर कुणाला कळणार? मी फोन केला तर तो त्यांनी उचलायला हवा, आणि उचलला नाही तर मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मधे ट्रॅफिक. ही भीती मी त्यांना स्पष्ट सांगितली. बाबा म्हणाले, "बघू." आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही. शेवटी तडजोड अशी ठरली की दसऱ्यापर्यंत त्यांनी एकट्याने नीट राहून दाखवायचं. मी दर रविवारी येऊन तपासणार. नाही जमलं तर दसऱ्यानंतर सामान बांधायचं.

पुढच्या रविवारी गेले तर कपाटांची दारं गच्चीत रचून ठेवलेली.

बाबा नोकरीसाठी साताऱ्याहून बेंगळुरूला आले आणि इथल्या एका सरकारी कारखान्यात त्यांनी उभा जन्म काढला. निवृत्त झाले तेव्हा टूल स्टोअर त्यांच्या ताब्यात होतं. तिथे कपाट नसतं. भिंतीवर फळा असतो, फळ्यावर प्रत्येक पान्याची, प्रत्येक हातोडीची बाह्यरेषा रंगवलेली असते आणि त्या आकृतीवर ती वस्तू टांगायची. वस्तू नसली की रिकामी आकृती दिसते. ज्याने नेली असेल त्याने आपला नंबर घातलेला पितळी बिल्ला त्या खिळ्यावर अडकवून जायचं. जगातली बहुतेक भांडणं या पद्धतीने मिटतील असं बाबांचं मत आहे. जगाने त्यांना कधी विचारलं नाही, तेव्हा त्यांनी ती पद्धत स्वयंपाकघरात राबवली.

बाजारातून काहीही आणायचं नाही, ही त्यांची अट. माझ्या आजोबांच्या लोखंडी खाटेची डोक्याकडची आणि पायाकडची चौकट भिंतीला उभी केली आणि त्या दोहोंमध्ये फळ्या म्हणून पाट आडवे ठोकले. लग्नामुंजीत जमलेले ते पाट वर्षानुवर्षं माळ्यावर पडून होते, कारण मांडी घालून जेवायला बसणारं आमच्याकडे कुणी उरलं नव्हतं. एक शिसवी, दोन सागवानी, एकावर पितळी फुलं, एक तर नुसता पांढऱ्या लाकडाचा, रंग उडालेला. रुंदीही वेगवेगळी. बाबांनी ते सगळे उलटे लावले, म्हणजे पाटाखालच्या पट्ट्या वर आल्या आणि डबे घसरून पडण्याचा प्रश्न सुटला. बाथरूमचं जुनं लाकडी दार, प्लॅस्टिकचं बसवल्यापासून जिन्याखाली कुजत होतं, ते तासून फळा म्हणून भिंतीवर गेलं. फाटकाचा उरलेला हिरवा रंग होता, त्याने त्यावर झाऱ्या, किसणी, चाळणी, सांडशी यांच्या आकृत्या उमटल्या. आईच्या शिलाई मशीनचे लांबट खण चमचे आणि सुऱ्या ठेवायला आले. खिडकीचा पडदा काढून त्याच्या दांडीला सायकलच्या तारांचे आकडे केले आणि पळ्या लटकवल्या. डाळी लोणच्याच्या बरण्यांत, रवा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, हिंग रक्तदाबाच्या गोळ्यांच्या डबीत.

ती डबी पाहून मी गोळ्या कुठे आहेत ते विचारलं. गोळ्या हिंगाच्या डबीत होत्या. "हिंग रोज लागतो, म्हणजे गोळी रोज दिसते," बाबा म्हणाले.

"बाबा, एकसारख्या बरण्यांचा संच मिळतो बाजारात. दिसायला तरी बरं दिसेल."

"एकसारख्या असल्या की प्रत्येक उघडून बघावी लागते. तुझ्या आईचे डबे एकसारखेच होते."

खोट काढायची ठरवलीच होती, तेव्हा मी काढली. उघड्यावर तेलाचा चिकटा बसतो. बाबांनी फडकं दाखवलं, त्यालाही खिळा आणि आकृती होती. धूळ येते. येते, म्हणाले, पुसतो. झुरळं होतील. "झुरळं कपाटातही होती. फक्त त्यांना दार होतं." आणि खिडकीला पडदा नसल्यामुळे अख्ख्या शेजाराला आपला तवा दिसतो, हे मी सांगितलं तेव्हा मात्र ते फडकं परत खिळ्यावर अडकवायला वळले.

अख्खा शेजार म्हणजे अक्का. आमच्या आणि पलीकडच्या घरामधे एक बोळ आहे, हात लांब केला तर कोथिंबीर देता येईल एवढी. त्या बोळीवर आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी समोरासमोर. अक्कांचे यजमान मी शाळेत असतानाच गेले. मुलगा परदेशात. अक्का एकट्याच राहतात, सकाळी फिल्टर कॉफी करतात आणि ती झाली की मगच त्यांचा आवाज लागतो. आमच्याकडे घरात मराठी आणि खिडकीत कन्नड, असं माझ्या लहानपणापासून चालत आलंय.

अक्कांनी उलटे पाट खिडकीतूनच पाहिले. "सार, मणे कुणी उलटी ठेवतं का? त्यावर बसणार कोण?" मणे म्हणजे पाट, आणि सार म्हणजे सर, आमचे बाबा.

"डबे," बाबा म्हणाले.

"सरी," म्हणजे बरं, असं अक्का म्हणाल्या आणि त्यांनी पुरणाचं यंत्र मागितलं. बाबांनी ते दिलं आणि सोबत एक बिल्लाही. निवृत्त होताना कारखान्यातून रद्द झालेले मूठभर बिल्ले ते मागून घेऊन आले होते, कशासाठी ते तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं. अक्कांनी आपला बिल्ला खिडकीतून परत दिला, बाबांनी तो यंत्राच्या रिकाम्या आकृतीवर अडकवला आणि मगच यंत्र बोळ ओलांडून गेलं. मलाही एक बिल्ला मिळाला. एकदा मी किसणी घरी नेली आणि बिल्ला लावायला विसरले, तर मंगळवारी मीटिंगमध्ये फोन.

"किसणी तुझ्याकडे आहे?"

"हो."

"बिल्ला नाही."

"बाबा, मी तुमची मुलगी आहे."

"म्हणून फोन केला. दुसऱ्या कुणाला मेमो दिला असता."

स्वयंपाक मात्र सुधारत गेला, हे मला कबूल करावं लागलं. पहिल्या रविवारची आमटी मी पाणी समजून बाजूला ठेवली होती. श्रावणापर्यंत ती ओळखू यायला लागली. गणपतीत त्यांनी उकडीचे मोदक केले नाहीत, पण करायचे का असं विचारलं. पोळीच्या वाटेला ते गेले नाहीत. ते आपल्या खात्याचं काम नाही म्हणाले आणि भातावर भागवलं. वजन जरा वाढलं. दाढी वेळेवर होत होती. तपासणीत मला एकच खोट सापडली ती अशी, की सगळी भांडी फळ्यावर किंवा पाटांवर, आपापल्या हिरव्या आकृतीत, आणि दांड्याचं चहाचं पातेलं तेवढं एकटं खिडकीच्या चौकटीवर, वेगळ्या खिळ्यावर. तेही गॅसपासून सगळ्यात लांब. चहा दिवसातून तीनदा होतो. रोज तीन फेऱ्या.

"हे इथे का?" मी विचारलं.

"तिथे बरं पडतं," बाबा म्हणाले.

माझ्या मते हा उघड उघड ढिसाळपणा होता आणि टूल स्टोअर चालवलेल्या माणसाकडून झालेला पाहून मला थोडा आनंदही झाला.

दसरा आला. बाबा पास झाले होते, यात वाद नव्हता. पण माझी भीती जागच्या जागी होती. आमटी कितीही चांगली झाली तरी पडलेल्या माणसाला ती उठवत नाही. मी मनाशी ठरवलं, पास असोत की नापास, यांना न्यायचं. माझ्या स्वयंपाकघरात बिनमुठीची, दाबली की उघडणारी पांढरी कपाटं आहेत. त्यांच्या दारांवर मी बाबांसाठी चिठ्ठ्या डकवल्या, जिरं, हिंग, साखर. मग शनिवारी राजाजीनगरला मुक्कामाला गेले. सकाळी चहा घेताना सगळं नीट, न चिडता बोलायचं, असा बेत. बाबांना सर्दी झाली होती, त्यांनी झोप आणणारी गोळी घेतली आणि आठवणीने माझा अंथरुणाचा बिल्ला मागितला. थट्टा होती ती, असं मी धरून चालले.

सकाळी मी त्यांच्या आधी उठले. असं कधी होत नाही. खिडकीच्या चौकटीवर चहाचं पातेलं टांगलेलं होतं. ते काढायचं म्हणजे तिथे बिल्ला लावायचा, आणि बिल्ला पर्समध्ये, पर्स बाबांच्या खोलीत. आपल्याच माहेरी चहा करायला बिल्ला लागावा, याचा मला पहाटेपहाटे संताप आला. मी खालच्या पाटावरचं छोटं पातेलं घेतलं, आईच्या लग्नात आलेलं, वर नाव घातलेलं. बिल्लाबिल्ला काही लावला नाही. चहा केला, कप घेऊन बाहेरच्या खोलीत बसले आणि बाबांपुढे करायचं भाषण मनात म्हणून पाहू लागले. भाषण चांगलं झालं होतं. दूधवाला येऊन गेला, पेपर आला, दोनदा वाचूनही झाला.

आणि कुणी बेल न वाजवता आमच्या दाराला बाहेरून किल्ली लागली.

दारात अक्का. गाऊनवर टॉवेल घेतलेला, केस मोकळे, हातात आमच्या घराची किल्ली. त्यांच्या मागे जिन्यात कोपऱ्यावरचा ऑटोवाला अण्णा, खाकी शर्टाची बटणं एक घर खाली लागलेली आणि माणूस उचलायच्या तयारीत बाह्या सावरलेल्या.

"एनायतु?" अक्कांनी विचारलं. काय झालं? "सार कुठे आहेत?"

"झोपलेत. सर्दी झालीय."

अक्का दारातल्या स्टुलावर मटकन बसल्या. छातीवर हात ठेवला. दम खाल्ला. आणि मग मला असं झापलं, की लहानपणी त्यांची कुंडी फोडली तेव्हाही झापलं नव्हतं. "पातेलं खिळ्यावर! दूध आलं, पेपर आला, ऊन आलं, तरी पातेलं खिळ्यावरच!"

मला आधी काही उमजेना. मग मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. उघडी खिडकी, चौकटीवर पातेलं आणि बोळीपलीकडे अक्कांची ओट्यामागची खिडकी. त्यांच्या कठड्यावर कॉफीचा फिल्टर पालथा वाळत ठेवलेला.

माकडटोपी घालून बाबा बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं, अण्णाच्या बटणांकडे पाहिलं आणि थेट स्वयंपाकघरात गेले. तिथून आवाज आला.

"खालच्या पाटावरचं पातेलं कुणी घेतलं?"

"मी."

"बिल्ला?"

"बाबा!"

"एनू आगिल्ला, अक्का," बाबा बाहेर येत म्हणाले. काही झालेलं नाही. "गोळी घेतली होती. आणि ही इथे होती. चूक हिची."

मग सगळं तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. आषाढात एका सकाळी बाबांना अक्कांचा फिल्टर कठड्यावर पालथाच दिसला. कॉफीची वेळ टळून गेली तरी तो तसाच. त्यांनी हाका मारल्या, मग फाटक ओलांडून गेले. अक्का बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या होत्या आणि कुणाला ऐकू जाईल इतका आवाज त्यांच्यात उरला नव्हता. बाबा त्यांना ऑटोतून दवाखान्यात घेऊन गेले, याच अण्णाच्या. परत आल्यावर त्यांनी चहाचं पातेलं फळ्यावरून काढलं आणि खिडकीच्या चौकटीवर खिळा ठोकला. किल्ल्यांची अदलाबदल झाली. ठरवलं असं दोघांनी काहीच नव्हतं. ते फिल्टर बघतात, त्या पातेलं बघतात. रोज.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू इन्स्पेक्शनला येत होतीस," बाबा म्हणाले. "इन्स्पेक्टरने विचारल्याखेरीज काही सांगायचं नसतं."

"मी विचारलं होतं! पातेलं इथे का म्हणून!"

"उत्तर दिलं होतं. तिथे बरं पडतं."

सगळ्यांना चहा मी केला, या वेळी बिल्ला लावून, दांड्याच्या पातेल्यात. अण्णाने उभ्याउभ्या घेतला आणि साखर स्वल्प जास्त आहे म्हणाला. मी भाषणाचा पहिला शब्दही काढला नव्हता, तरी बाबाच बोलले, मराठीत, म्हणजे अक्कांना कळू नये म्हणून. "तू कशाला आलीस ते मला माहीत आहे. दसरा झाला. शब्द दिलाय, येतो मी तुझ्याकडे. फक्त या फिल्टरकडे कोण बघणार, तेवढं ठरव." इतक्या वर्षांच्या शेजारानंतर अक्कांना मराठी कळत नाही, असं फक्त बाबांना वाटतं. त्या कपात बघत राहिल्या.

माझ्याकडे बाकी सगळ्याचं उत्तर होतं. चिठ्ठ्यासुद्धा लावल्या होत्या.

"आणि तुझं पातेलं कुणाला दिसतं?" बाबांनी सहज विचारावं तसं विचारलं.

"बाराव्या मजल्यावर कुणाला दिसणार? घारींना."

"घारीकडे किल्ली नाही."

मला रडू आलं. चांगलं हुंदके देऊन, ऑटोवाल्यासमोर. इतके महिने मी यांच्यासाठी भीत होते, तेव्हा माझ्यासाठी भीत असलेलं इथे कुणीतरी बसलं होतं आणि एक शब्द बोललं नव्हतं. आईच्या दिवसांतही मी इतकी रडले नव्हते, त्यातलंही बरंचसं तेव्हाच आलं असावं. अक्कांनी टॉवेल दिला. बाबा फळ्याकडे बघत राहिले, कारण रडणाऱ्या माणसाकडे कसं बघायचं याची कारखान्यात सोय नव्हती.

बाबा राजाजीनगरातच आहेत. पुढच्या आठवड्यात ते माझ्याकडे आले ते ड्रिल मशीन घेऊन, गोरगरिबाच्या घरी धान्य द्यावं तसा चेहरा करून. पांढऱ्या कपाटाच्या एका दाराला त्यांनी भोक पाडलं, खिळा बसवला, माझं चहाचं पातेलं टांगलं आणि भोवती हिरवी आकृती काढली. त्या स्वयंपाकघरात सर्वांत महाग वस्तू ते दार होतं. किल्लीची एक जोडी त्यांनी नेली आणि तिच्या जागी आपला बिल्ला लावला. ठरलं ते असं, की सकाळी पातेलं गॅसवर चढलं की मी रिकाम्या आकृतीचा फोटो पाठवायचा. मी पाठवते. उत्तर कधीच येत नाही.

परवा ऑफिसचं काम सकाळीच सुरू झालं, अमेरिकेतले लोक जागे होते म्हणून. चहा राहिला, फोटो राहिला. कॅमेऱ्यासमोर कुणाच्या तरी कामातली खोट समजावून सांगत होते, तेवढ्यात फोन वाजला. अक्का.

"पातेलं?"

मागून बाबांचा आवाज येत होता आणि त्याहून मागे सुरू असलेल्या ऑटोचा. मधे अख्खं शहर, सकाळचा ट्रॅफिक, तरी अण्णाने ऑटो सुरू करून ठेवली होती.

"एनू आगिल्ला, अक्का," मी म्हटलं. मीटिंग तशीच सोडून उठले, पातेलं खिळ्यावरून काढलं आणि चहा टाकला.